दोघांचीही मर्जी असेल तर: मुबारात आणि खुलाचा सोपा, कमी खर्चाचा रस्ता

नवरा-बायकोचे पटत नाही. दोन्हीकडच्या बुजुर्गांनी समजावून पाहिले, काही महिने माहेरी-सासरी राहूनही पाहिले, पण दिल जुळत नाहीत. भांडण करायचे नाही, कोर्टकचेरीत वर्षे घालवायची नाहीत, दोघांनाही इज्जतीने वेगळे व्हायचे आहे. अशा वेळी करायचे काय? जुने नाशिक, वडाळा गाव, नाशिकरोड, देवळालीपासून मालेगाव-मनमाडपर्यंत हा सवाल बऱ्याच घरांत येतो. आणि बहुतेक घरांत त्याला दोनच जवाब माहीत असतात: एक, नवऱ्याने तलाक द्यायचा, दोन, बायकोने केस टाकायची.

तिसरा रस्ता आपल्या शरीअतमध्येही आहे आणि देशाच्या कायद्यातही आहे. त्याचे नाव मुबारात. बायकोकडून मागणी असेल तर खुला. या लेखात आम्ही हे दोन्ही रस्ते, त्यांची कागदपत्रे, कोर्टाचे काम, खर्च आणि मुख्य म्हणजे कुठे लोक फसतात, ते क्रमाने मांडत आहोत.

मुबारात म्हणजे काय, खुला म्हणजे काय

मुबारात या शब्दाचा अर्थ एकमेकांना मोकळे करणे, एकमेकांच्या जबाबदारीतून बरी करणे. दोघांनाही नाते नको असते. प्रस्ताव नवऱ्याकडून येवो की बायकोकडून, दुसऱ्याने कबूल केला की मुबारात होतो. इजाब आणि कबूल, जसे निकाहात, तसेच इथे.

खुलामध्ये वेगळे होण्याची इच्छा बायकोची असते. ती मेहर परत करते, बाकी असलेला मेहर सोडते किंवा दोघांत ठरेल तो मोबदला देते, आणि नवरा ते कबूल करून तिला निकाहातून मोकळे करतो. सूरह बकराच्या आयत २२९ मध्ये याची परवानगी आहे. हदीसमध्ये हजरत साबित बिन कैस (रजि.) यांच्या पत्नीचा किस्सा प्रसिद्ध आहे. नवऱ्याच्या दीनदारीबद्दल किंवा वागणुकीबद्दल त्यांची तक्रार नव्हती, फक्त त्यांना सोबत राहणे जमत नव्हते. प्यारे नबी (स.) यांनी मेहरात मिळालेली बाग परत करायला सांगून त्यांना मोकळे केले. म्हणजे वेगळे व्हायला कोणाला तरी गुन्हेगार ठरवावेच लागते असे नाही.

चूक नवऱ्याची असेल, तोच त्रास देत असेल, तर खुलाच्या बदल्यात बायकोकडून पैसे घेणे हनफी आलिमांनीही नापसंत म्हटले आहे. मेहर बुडवायचा म्हणून बायकोला तंग करायचे आणि मग "खुला माग" म्हणायचे, हा प्रकार शरीअतच्या नावावर चालवू नये.

हनफी फिकहप्रमाणे खुला आणि मुबारात दोन्हींमध्ये एक तलाके-बाइन पडतो. म्हणजे निकाह लगेच संपतो, नवऱ्याला एकतर्फी रुजू करता येत नाही. पण पुढे दोघांचे मन बदलले तर नवा निकाह, नवा मेहर करून ते पुन्हा एकत्र येऊ शकतात. आपल्याकडे कोकणी घराण्यांत शाफई मसलक आहे, बोहरी आणि इतर शिया जमातींचे नियम, शब्द आणि साक्षीदारांची अट वेगळी आहे. त्यांनी आपल्या मसलकच्या आलिमांकडून पद्धत आधी विचारून घ्यावी.

कायद्यात याला जागा कुठे आहे

पुष्कळ जण समजतात की मुबारात ही नुसती "मौलवींची गोष्ट" आहे. तसे नाही. शरीअत ॲप्लिकेशन ॲक्ट, १९३७ च्या कलम २ मध्ये निकाह तुटण्याचे जे प्रकार मोजले आहेत त्यात तलाक, ईला, जिहार, लिआन यांच्यासोबत खुला आणि मुबारात ही दोन्ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत.

दुसरा कायदा म्हणजे फॅमिली कोर्ट्स ॲक्ट, १९८४. त्याच्या कलम ७ प्रमाणे एखाद्या व्यक्तीचा वैवाहिक दर्जा काय आहे, म्हणजे ती विवाहित आहे की नाही, हे जाहीर करण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला आहे. म्हणून झालेल्या मुबारातवर कोर्टाचा शिक्का मिळू शकतो. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये १९७२ चा आपलाच जुना निर्णय बाजूला ठेवून सांगितले की मुस्लिम स्त्रीला कोर्टाबाहेरचे खुला, मुबारात वगैरे रस्ते बंद झालेले नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले की मुबारातला लेखी करार असलाच पाहिजे अशी शरीअतची अट नाही, आणि दोघे तयार असताना फॅमिली कोर्टाने ते प्रकरण ऐकले पाहिजे. तेलंगणा उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये त्याही पुढे जाऊन खुला हा बायकोचा हक्क असल्याचे सांगितले. महाराष्ट्रातील कोर्टांवर ही दुसऱ्या राज्यांची मते बंधनकारक नाहीत, पण वकील ती दाखवतात आणि कोर्ट त्यांचा विचार करते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये संमतीच्या घटस्फोटासाठी आधी एक वर्ष वेगळे राहणे आणि अर्जानंतर सहा महिने थांबणे, अशी पद्धत आहे. स्पेशल मॅरेज ॲक्टच्या कलम २८ मध्येही तसेच. मुबारातला अशी मुदत कायद्याने घातलेली नाही. मात्र ज्यांचे लग्न निबंधकासमोर स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झाले आहे त्यांना मुबारात चालत नाही, त्यांना कलम २८ च लागू पडते. निकाह झाला आणि नंतर त्याची महापालिकेत फक्त नोंद केली, तर ते लग्न शरीअतचेच राहते. या दोन गोष्टींत गल्लत करू नका, आपला दाखला कोणत्या कायद्याखालचा आहे ते आधी वाचा. आणि जे उत्तराखंडात स्थायिक आहेत त्यांच्यासाठी जानेवारी २०२५ पासून तिथली समान नागरी संहिता लागू आहे, तिथे नियम वेगळे.

पहिली पायरी: दोन हकम

सूरह निसाच्या आयत ३५ मध्ये नवऱ्याकडून एक आणि बायकोकडून एक असा हकम, म्हणजे पंच, नेमायला सांगितले आहे. ही केवळ नसीहत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने २००२ च्या दगडू पठाण विरुद्ध रहीमबी या निकालात सांगितले की नवऱ्याने कोर्टात "मी पूर्वीच तलाक दिला" एवढे लिहून भागत नाही. कारण काय होते, समेटाचा प्रयत्न झाला का, तलाक कसा दिला, हे सर्व सिद्ध करावे लागते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा प्रकरणात हेच धोरण ठेवले. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुस्लिम घराने हा दगडू पठाण निकाल नावाने लक्षात ठेवावा.

मुबारातमध्ये भांडण नसते, तरीही पंचांची बैठक घ्या आणि तिची तारीख, जागा, हजर लोकांची नावे लिहून ठेवा. याचे दोन फायदे. खरेच समेट होणार असेल तर तो इथेच होतो. आणि नाही झाला, तर मेहर, दागिने, मुले, खर्च हे मुद्दे त्याच बैठकीत मिटतात. हकम निवडताना मोठ्या आवाजाचा माणूस नको, ऐकून घेणारा हवा. बायकोला तिचे म्हणणे आई किंवा बहिणीसमोर, मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. दहा पुरुषांच्या मजलिसमध्ये खाली मान घालून "हो" म्हणणे याला रजामंदी म्हणत नाहीत. रजामंदी खरी नसेल तर मुबारातही खरा नाही, आणि पुढे कोर्टात तो टिकत नाही.

दुसरी पायरी: मुबारातनामा

शरीअतच्या दृष्टीने तोंडी इजाब-कबूल पुरेसे असले तरी कागदाशिवाय हे काम करू नये. कागद नसेल तर पाच वर्षांनी एक जण म्हणतो झाले, दुसरा म्हणतो झालेच नाही. त्यात जास्त नुकसान बाईचे होते. ती ना विवाहित, ना मोकळी. कुरआनने सूरह निसाच्या आयत १२९ मध्ये बायकोला असे लटकत ठेवायला मना केले आहे.

मुबारातनाम्यात पुढील गोष्टी असाव्यात:

१. दोघांची पूर्ण नावे, वय, पत्ता, वडिलांची नावे, ओळखपत्राचा प्रकार.

२. निकाहाची तारीख, ठिकाण, काझींचे नाव, निकाहनाम्याचा रजिस्टर क्रमांक.

३. मुलांची नावे आणि जन्मतारखा. सध्या बायको गरोदर आहे की नाही, हेही.

४. कधीपासून वेगळे राहतात, समेटाच्या बैठका कधी झाल्या, पंच कोण होते.

५. दोघे आपल्या मर्जीने, कोणाच्या दबावाशिवाय मुबारात करत आहेत असे स्पष्ट वाक्य. प्रस्ताव कोणाचा, कबुली कोणाची आणि कोणत्या तारखेला.

६. मेहर किती ठरला होता, किती दिला, किती बाकी, तो आता दिला की सोडला. हनफी फिकहमध्ये असे मत आहे की मुबारात झाला की मेहरसारखे आपसातले देणे आपोआप मिटते. म्हणून मेहर मिळायचा असेल तर तो मोघम ठेवू नका, आकडा लिहा.

७. जहेज, दागिने, भांडी, फर्निचर, गाडी यांची यादी. काय परत मिळाले, काय बाकी, कोणत्या तारखेपर्यंत मिळणार.

८. इद्दतचा खर्च आणि पुढच्या आयुष्यासाठी ठरलेली रक्कम. शक्यतो चेक, डिमांड ड्राफ्ट किंवा बँक ट्रान्सफरने, त्याचा क्रमांक लिहून.

९. मुले कोणाकडे राहणार, दुसऱ्याने भेटायचे कधी आणि कुठे, महिन्याचा खर्च, शाळेची फी, दवाखाना, ईदचे दिवस आणि सुट्टी.

१०. चालू असलेल्या पोलीस तक्रारी आणि केसेस, त्या कशा मिटवायच्या.

११. दोघांच्या सह्या, दोन्हीकडचे दोन-दोन साक्षीदार, पंच आणि काझींच्या सह्या. तीन प्रती काढा: एक त्याच्याकडे, एक तिच्याकडे, एक काझींकडे किंवा दारुल कजामध्ये.

मुख्य मजकूर साधाच ठेवावा. उदाहरणार्थ: "आम्हा दोघांचा निकाह अमुक तारखेला अमुक ठिकाणी झाला. आमच्यात निबाह होत नाही. दोन्ही घरच्या बुजुर्गांनी समेटाचा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला नाही. म्हणून आज अमुक तारखेला पत्नीने मुबारातचा प्रस्ताव ठेवला आणि पतीने तो साक्षीदारांसमोर कबूल केला. आजपासून आम्ही एकमेकांच्या निकाहातून मोकळे आहोत. हा निर्णय आम्ही खुशीने घेतला असून त्याचा मजकूर आम्हाला वाचून दाखवला आहे." बायकोला मराठी वाचता येत नसेल तर उर्दूत लिहा, किंवा दोन्ही भाषांत. कोर्टासाठी मराठी प्रत लागेल.

"तीन तलाक" हे शब्द कुठेही लिहू नका

कागद तयार करणारे काही लोक सवयीने शेवटी "तलाक, तलाक, तलाक" टाकतात. हे फार महागात पडते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो प्रकरणात एका झटक्यातला तीन तलाक रद्द ठरवला. त्यानंतरच्या २०१९ च्या कायद्याने तोंडी, लेखी किंवा मोबाईलवर दिलेला असा तलाक बेकायदा आणि गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बायको राजी होती म्हणून तो कायदेशीर होत नाही. शिवाय हनफी मसलकप्रमाणे तीन म्हटले की पुन्हा नव्या निकाहाची वाटही बंद होते. म्हणजे दीनमध्येही नुकसान, दुनियेतही.

खुला, मुबारात किंवा एकच तलाक देऊन इद्दत पाळण्याची तलाके-अहसनची पद्धत यांना हा २०१९ चा कायदा लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये तलाके-अहसनच्या प्रकरणात नवऱ्यावरचा गुन्हा रद्द करताना हेच सांगितले.

नोटरीचा शिक्का म्हणजे तलाक नव्हे

स्टॅम्पपेपरवर "फारकतनामा" करायचा, नोटरीचा शिक्का मारायचा, झाले, असे समजणारे पुष्कळ आहेत. नोटरी निकाह तोडू शकत नाही. केंद्रीय कायदा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये लेखी कळवले की लग्न किंवा घटस्फोटाचे कागद करून देण्याचा नोटरीला अधिकार नाही. त्यामुळे एखाद्या नोटरीने मुबारातनाम्याला नकार दिला तर घाबरू नका. मुबारात होतो तो दोघांच्या इजाब-कबूलने, साक्षीदारांसमोर. पुराव्याचे बळ साक्षीदार, काझींचे रजिस्टर आणि शेवटी कोर्टाचा हुकूम यांचे.

दारुल कजा किंवा मुफ्तींचा फतवा याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने ७ जुलै २०१४ च्या विश्व लोचन मदन निकालात दारुल कजा बंद करा असे म्हटले नाही, पण त्यांचा निर्णय कायद्याने बंधनकारक नाही असे सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका खासगी शरीअत कौन्सिलचे खुला प्रमाणपत्र रद्द केले आणि बाईला फॅमिली कोर्टात जायला सांगितले. म्हणून दारुल कजाची मदत समेट, मसला आणि पद्धत यासाठी जरूर घ्या. सरकारी कामाचा कागद मात्र कोर्टातूनच घ्या.

तिसरी पायरी: कोर्टाचा हुकूम

कोर्टात जाणे सक्तीचे आहे का? शरीअतच्या दृष्टीने नाही. पण दुसरा निकाह नोंदवताना, परदेशी व्हिसाच्या वेळी, पेन्शन, विमा, सरकारी नोकरीतील वारसनोंद, घरकुल अशा ठिकाणी डिक्रीची मागणी होते. मुलांच्या शाळेतही हा प्रश्न येतो. दाखला न्यायला आई आली की बाप येऊन हरकत घेतो, आणि शाळेने कोणाचे ऐकायचे ते कळत नाही. आम्ही शाळेत काम करतो, असा तिढा सुटायला ताब्याबद्दलचा कोर्टाचा एक कागद किती उपयोगी पडतो ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आमचा सल्ला: मुबारात झाला की हुकूम घ्याच.

नाशिकमध्ये कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यांत हे काम दिवाणी न्यायालयात चालते. मालेगाव, येवला, मनमाडकडच्यांनी कोणत्या कोर्टात अर्ज करायचा ते तिथल्या विधी सेवा समितीत विचारून घ्यावे, म्हणजे फेरी वाया जाणार नाही.

अर्ज कलम ७ खाली वैवाहिक दर्जा जाहीर करून मिळण्याचा असतो. सोबत मूळ मुबारातनामा, निकाहनामा, दोघांचे आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो, मुलांचे जन्मदाखले, दोघांची प्रतिज्ञापत्रे. निकाहनामा हरवला असेल तर काझींच्या रजिस्टरमधून प्रत काढा, हे काम सर्वांत आधी करा.

कोर्ट आधी समेटाची शक्यता पाहते. कायद्याच्या कलम ९ प्रमाणे ते त्याचे कर्तव्यच आहे. दोघांना विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. तिथे दोघांनी हजर राहावे आणि खरे तेच सांगावे. मग कोर्ट दोघांचे जबाब घेते, मुबारात स्वखुशीने झाला याची खात्री करते आणि तसे जाहीर करणारा हुकूम देते. संमतीने झालेल्या डिक्रीवर कलम १९ प्रमाणे अपील होत नाही, त्यामुळे सही करण्यापूर्वी प्रत्येक अट नीट वाचा. हुकूम झाला की प्रमाणित नकला दोघांनी स्वतंत्र काढून ठेवा.

खर्च किती, आणि कुठे वाचतो

मुबारातला शरीअतमध्ये फी नाही. कागदाचा, नकलांचा आणि वकिलाचा, एवढाच खर्च.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक करारनाम्यांना किमान ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क लागते. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मात्र मुद्रांक शुल्क माफ आहे. तिथे उगाच स्टॅम्पपेपर विकत घेऊ नका.

राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या आदेशाने पोटगी, घटस्फोट यासारख्या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे. म्हणून अर्जदार बायको असेल तर कोर्ट फीचा खर्च वाचतो.

वकिलाची फीसुद्धा वाचू शकते. लीगल सर्व्हिसेस ॲथॉरिटीज ॲक्ट, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, सरकारी खर्चाने वकील मिळतो. पुरुषाला उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये. यासाठी नाशिकच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुक्याच्या समितीत साधा अर्ज द्यायचा. टोल फ्री क्रमांक १५१०० आहे. शिवाय फॅमिली कोर्टात वकील घेणे सक्तीचे नाही, पक्षकार स्वतः आपले म्हणणे मांडू शकतो.

खर्च वाढतो तो तीन ठिकाणी: दोघांनी दोन महागडे वकील करून संमतीच्या कामाचे भांडण बनवले तर, कागद अर्धवट म्हणून पुन्हा पुन्हा तारखा पडल्या तर, आणि "सर्व करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात पैसे दिले तर. कोर्टाच्या आवारात भेटणाऱ्या अशा माणसाला निकाहनाम्याची मूळ प्रत कधीही देऊ नका. लोकअदालतीत पोटगी, मुले, सामान याबद्दलची तडजोड होऊ शकते, घटस्फोट मात्र तिथे मिळत नाही.

इद्दत

मुबारात झाल्याच्या दिवसापासून इद्दत सुरू होते. पाळी येणाऱ्या स्त्रीला तीन पाळ्या, पाळी येत नसेल तर तीन चांद्र महिने, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यातही हाच हिशेब लिहिलेला आहे. या काळात दुसरा निकाह होत नाही. कोर्टाचा हुकूम नंतर आला तरी त्यात मुबारात कोणत्या तारखेला झाला ते लिहिलेले असावे. नाहीतर इद्दत कधी संपली यावरून पुढे घोळ होतो.

पोटगी, मेहर आणि मुले: इथे घाई नको

१९८६ च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे तलाकशुदा स्त्रीला मेहर, तिच्या वस्तू, इद्दतचा खर्च आणि पुढच्या आयुष्यासाठी वाजवी तरतूद मिळायला हवी. २००१ च्या डॅनियल लतीफी निकालाने स्पष्ट केले की ही तरतूद इद्दतच्या आत करायची असली तरी ती फक्त इद्दतपुरती नसते. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणातील एका प्रकरणात सांगितले की मुस्लिम स्त्री सीआरपीसी कलम १२५ खालीही पोटगी मागू शकते. ते कलम आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झाले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये चिपळूणच्या प्रकरणात म्हटले की तलाकशुदा स्त्रीने दुसरा निकाह केला म्हणून १९८६ च्या कायद्याने मिळालेली रक्कम बुडत नाही.

पण स्वतः खुला घेतल्यावर नंतर पोटगी मागता येते का, यावर केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये नकारार्थी मत दिले आहे. म्हणून बहिणींनी "आता सह्या करू, पैशाचे नंतर बघू" असे करू नये. जे ठरवायचे ते मुबारातनाम्यातच ठरवा आणि सहीच्या वेळी हातात घ्या. भावांनीही लक्षात ठेवावे: "पोटगी सोडली" असे एक वाक्य लिहून घेतले म्हणजे कायमचे सुटलो, असे समजू नये. वाजवी रक्कम देऊन तिची पावती ठेवणे हाच पक्का बंदोबस्त.

मुलांचा हक्क आई-बाप सोडू शकत नाहीत. १९९७ च्या नूर सबा खातून निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलांच्या खर्चाची बापाची जबाबदारी आई-बापाच्या तलाकने कमी होत नाही. मुलांच्या खर्चाच्या बदल्यात खुला देणे, "मुले ठेव आणि काही मागू नको" अशी अट घालणे, म्हणजे दुसऱ्याच्या हक्कावर सौदा करणे. हनफी फिकहमध्ये मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. कोर्ट गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, १८९० प्रमाणे मुलाचे हित सर्वांत आधी पाहते. दोघांनी मिळून मुलांचे वेळापत्रक ठरवले असेल तर कोर्टाचे काम सोपे होते आणि मुलाची परीक्षाही वाया जात नाही.

केसेस चालू असतील तर

पूर्वीचे ४९८-अ, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५, खाली गुन्हा दाखल असेल तर तो पोलीस ठाण्यात "मागे घेतला" म्हणून मिटत नाही. दोघांच्या संमतीने उच्च न्यायालयात तो रद्द करून घ्यावा लागतो. नाशिक जिल्ह्यासाठी ते मुंबईला. घरगुती हिंसाचार किंवा पोटगीचा अर्ज त्या-त्या कोर्टात पुरसीस देऊन निकाली काढता येतो. कोणती केस कोण आणि कधी मिटवणार ते मुबारातनाम्यात लिहा. आणि हेही लक्षात असू द्या: मुंबईच्या जुवेरिया पटनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले की निकाह संपला तरी आधी झालेल्या हिंसाचाराबद्दल दाद मागण्याचा स्त्रीचा हक्क संपत नाही. मारहाणीवर पांघरूण घालण्यासाठी मुबारात नाही.

नेहमी विचारले जाणारे काही सवाल

नवरा परदेशात आहे, चालेल का? प्रस्ताव आणि कबुली साक्षीदारांसमोर होणे महत्त्वाचे. कोर्टासाठी तो तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र पाठवू शकतो. जबाब व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घेण्याची विनंतीही करता येते.

नवरा कबूलच करत नाही, मग? मग तो मुबारात नाही. बायकोसाठी १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आहे. चार वर्षे पत्ता नसणे, दोन वर्षे खर्च न देणे, सात वर्षांची कैद, तीन वर्षे वैवाहिक कर्तव्य न पाळणे, क्रूर वागणूक, अशा कारणांवर कोर्ट फस्ख देते. त्यासाठीही मोफत वकील मिळतो.

निकाहनाम्यात आधीच काही लिहिता येते का? येते. तफवीज, म्हणजे ठरावीक परिस्थितीत बायकोला स्वतः तलाक घेण्याचा अधिकार, निकाहाच्या वेळी लिहून ठेवता येतो. मुलीच्या बापाने हे विचारायला लाजू नये.

शेवटी एकच सांगायचे. तलाक जायज असूनही नापसंत आहे, हे आपण सगळेच जाणतो. पण जे नाते टिकतच नाही ते कसे सोडायचे, हेही आपल्या दीनने शिकवले आहे: भल्या रीतीने, कोणाचा हक्क न मारता. पंच बसवा, कागद पूर्ण करा, मेहर आणि मुलांचा हक्क आधी द्या, मग कोर्टाचा हुकूम घ्या. आपल्या प्रकरणात काही वेगळी गुंतागुंत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला आणि आपल्या मसलकच्या आलिमांना, दोघांनाही विचारून पाऊल टाका. अल्लाह आपल्या घरांमध्ये सुकून देवो, आणि जिथे रस्ते वेगळे होतात तिथे इन्साफ देवो. आमीन.